उपस्थित आणि मतदान करणारे

आप्पांना जाऊन चार महिने झाले होते, आणि ऋजुता रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे एक ठराव मांडत होती.

ठराव साधेच असत. आज भेंडी चिरावी की सकाळच्या आमटीवर भागवावं. बाल्कनीतली जास्वंद छाटावी की राहू द्यावी. ओट्यावर ठेवलेल्या लहानशा यंत्रातून आप्पांची छाया ठराव ऐकून घेई, जरा थांबे, आणि आप्पांच्याच घोगऱ्या आवाजात मत देई. जास्वंदीच्या ठरावावर ती म्हणाली होती, "विरोधात. झाड कापण्याआधी झाडाला नोटीस मिळाली पाहिजे, असं या सदस्याचं मत आहे." ऋजुता हसली होती. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

नुसतं "आप्पा, कसे आहात?" विचारून मात्र काही होत नसे. छायेला गप्पा येत नव्हत्या, मत देता येत होतं. म्हणून कॉलेजात इतिहास शिकवणारी, पलंगावरसुद्धा पुस्तकं पसरून झोपणारी ही पंचेचाळिशीची बाई वडलांशी बोलायचं तर प्रत्येक गोष्ट ठरावाच्या भाषेत बसवत होती. छाया तिला 'सन्माननीय सदस्य' म्हणे. ऋजू म्हणत नसे. सभागृहाच्या दप्तरात ऋजू नावाचं कुणी नव्हतं.

कऱ्हाडला खोरेसभा भरायला लागून वीसेक वर्षं झाली होती. लागोपाठच्या पुरांनी आणि मधल्या कोरड्या वर्षांनी लोकांना एवढं शिकवलं होतं, की पाणी तालुक्याच्या हद्दी मानत नाही. मग खोऱ्यातल्या एकसष्ट पाणलोटांनी एकेक सदस्य निवडून द्यायचा, आणि धरणं कधी उघडायची, उपसा कुणी किती करायचा हे त्या सभेनं ठरवायचं, अशी व्यवस्था झाली. भालचंद्र इंगवले, म्हणजे आप्पा, डोंगरातल्या वरघाट पाणलोटातून निवडून येत. आधीची वर्षं ते साधे सदस्य होते; बोलायला उठले की समोरच्याला घाम फुटे. शेवटची नऊ वर्षं, अगदी जाईपर्यंत, ते सभापती होते.

अडचण अशी होती, की एखादा सदस्य मधेच गेला तर पोटनिवडणूक होईतो त्याचा पाणलोट मुका व्हायचा, आणि पाण्याचे निर्णय काही कुणासाठी थांबत नसत. त्यावर तोडगा म्हणून मतछाया आली. सदस्याची भाषणं, त्यानं विचारलेले प्रश्न, विधेयकांच्या समासात खरडलेले शेरे, दिलेली मतं, सगळं यंत्राला वाचायला द्यायचं. शिवाय दरवर्षी त्याला बसवून काल्पनिक विधेयकं पुढे टाकायची आणि तो काय म्हणतो ते टिपायचं. यातून यंत्र त्या माणसाचा कल शिकतं: कुणाच्या नुकसानीला तो किती वजन देतो, कुठे ताणतो, कुठे सोडून देतो. अलीकडच्या नोंदींना जास्त वजन, जुन्यांना कमी, कारण माणूस बदलत जातो. हयात सदस्यांवर चाचणी घेतली तेव्हा शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा छायेचं मत आणि माणसाचं मत एकच निघालं होतं. छायेनं आपल्या मताचं कारण बोलून दाखवलं पाहिजे, अशी कायद्यात अट होती, म्हणून तिला आवाज मिळाला. आणि ते कारण विचारायचा पहिला हक्क वारसाला, म्हणून ओट्यावरचं यंत्र.

छाया चालायची ती वारसाच्या संमतीनं. संमती मागे घेतली की छाया बंद, जागा रिकामी, आणि पोटनिवडणूक. नाही घेतली, तर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत छायाच सदस्य. म्हणजे अजून तीन वर्षं. संमतीच्या कागदावर सही करताना ऋजुतानं वाचायला चष्मासुद्धा लावला नव्हता.

बहुमत म्हणजे काय, हे ती शाळेत नव्हे, जेवणाच्या टेबलावर शिकली होती. आप्पा तेव्हा पंचायत समितीत होते आणि तिघांचं घर सभेसारखं चालवत. काय रांधायचं याला साधं बहुमत पुरे: जे उपस्थित आहेत आणि मत देतात, त्यांच्यातले निम्म्याहून जास्त. गप्प बसेल त्याला मोजायचंच नाही. मोठ्या खरेदीला मात्र एकूण सदस्यसंख्येचं बहुमत: तिघांपैकी दोघांनी स्पष्ट हो म्हटलं पाहिजे, मग तिसरा घोरत असो की गावाला गेलेला असो. इथे गप्प बसणं आणि नाही म्हणणं सारखंच. आणि घराचे नियम बदलायचे तर दोन्ही चाळण्या लावायच्या. मत देणाऱ्यांतले दोनतृतीयांश, शिवाय एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त.

दहा वर्षांची असताना तिनं कुत्रं आणायचा ठराव मांडला. आई तटस्थ राहिली, कारण तिला कुत्रं आवडायचं पण केस झाडायचे नव्हते. आप्पा अध्यक्षस्थानी, म्हणून त्यांना मत नव्हतं. एक विरुद्ध शून्य. साध्या बहुमतानं मोत्या घरात आला आणि चौदा वर्षं राहिला. या घरात जो गप्प बसतो त्याच्या हाती झाडू येतो, हे आईनं पुढे आयुष्यभर ऐकवलं.

चैत्रात शौकतचाचा आले. शौकत मुलाणी, तासगावकडचे सदस्य. खोरेसभेत त्यांनी आणि आप्पांनी एकमेकांविरुद्ध जेवढी भाषणं केली तेवढी दुसऱ्या कुणी केली नसतील, आणि दर गुरुवारी दोघं एकाच डब्यातलं जेवत. त्यांनी बेदाण्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि ओट्यावरच्या यंत्राकडे बघत राहिले.

बोलतोय का, असं त्यांनी विचारलं. ठराव मांडला तर, असं ऋजुता म्हणाली. त्यावर चाचा हसले. हयात असताना याला गप्प करा म्हणून सभापतींना चिठ्ठ्या पाठवायचो, म्हणाले. आता सभागृहात चार महिने झाले, जरा अटीतटीचा विषय आला की हा आपला तटस्थ. चहाच्या टपरीवर पोरं म्हणतात, आप्पा वर जाऊन मवाळ झाले.

मग ते कामाचं बोलले. मतछाया बंद करण्याची घटनादुरुस्ती ते मांडणार होते. "पेपरात वाचण्याआधी तुला माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो," ते म्हणाले. "तुझ्याकडं काही मागायला नाही आलो, पोरी."

खरं तर मागण्यासारखं काही नव्हतंच. घटनादुरुस्तीला दोन्ही चाळण्या लागत. दोनतृतीयांश मतं होतील, असा चाचांचा अंदाज होता. पण एकूण एकसष्टांतले एकतीस लागत, आणि हाताशी होते तीस. ऋजुतानं संमती मागे घेतली असती तरी उपयोग नव्हता, कारण एकूण संख्येत रिकामी खुर्चीही मोजली जाते. एकतिसावं मत कुठूनतरी हो म्हणूनच यायला हवं होतं.

चाचा गेल्यावर तिनं कप विसळले आणि तोच ठराव छायेपुढे मांडला. मतछाया बंद कराव्यात.

"तटस्थ," छाया म्हणाली. "ज्या विषयावर सभागृह दुभंगतं, त्यात हा सदस्य मत देत नाही. गेल्या नऊ वर्षांतला परिपाठ तसाच आहे."

ऋजुता हातातला कप धरून तशीच उभी राहिली. नऊ वर्षं. म्हणजे सभापतिपदाची वर्षं. सभापती मत देत नाही. तो कुणाचा नसतो म्हणून सगळ्यांचा असतो. फक्त समसमान मतं पडली तर त्यानं निर्णायक मत द्यायचं, आणि तेही जे चाललंय ते चालू राहील अशा बाजूनं, म्हणजे सभागृहाला त्या विषयावर पुन्हा बोलायची वाट उरते. नऊ वर्षांत आप्पांवर अशी पाळी एकदाच आली होती आणि त्यांनी रिवाज पाळून स्वतःच्या मनाविरुद्ध मत दिलं होतं. यंत्रानं ही सगळी वर्षं वाचली होती. रिवाज त्याला कुणी सांगितला नव्हता. खुर्चीच्या मौनाला ते माणसाचा स्वभाव समजून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सभेच्या मतछाया कक्षात गेली. तिथल्या अभियंता नेत्रा कुलथे आप्पांना ओळखत होत्या. त्यांच्या नजरेसमोरच आप्पा दरवर्षी काल्पनिक विधेयकांना खऱ्या शिव्या घालत. ऋजुताचं ऐकून घेतल्यावर त्यांनी आप्पांच्या नोंदींच्या तारखा उघडून पाहिल्या. मग म्हणाल्या, की चूक त्यांचीच आहे, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही कारण एखादा सभापती पदावर असताना जाणं पहिल्यांदाच घडलं. पण नोंदी वारसाच्या ताब्यात असतात. वारसानं लेखी कळवल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही.

"ती वर्षं बाजूला काढली तर काय होईल?" ऋजुतानं विचारलं.

"मत देतील. कुठलं, ते मला सांगता येणार नाही." नेत्राबाई जरा अडखळल्या. "आणि आवाज थोडा बदलेल. शांतपणा त्या नऊ वर्षांतला आहे. राहतील ते आधीचे आप्पा."

ऋजुता घरी आली ती काहीच न ठरवता. कळवलं, तर आप्पा बहुधा हो म्हणतील, असं तिला वाटत होतं. स्वतःचं वजन दुसऱ्यावर टाकून बसणं त्यांना कधी आवडलं नव्हतं. आणि ते हो म्हणाले, तर एकतीस होतील आणि ओट्यावरचं यंत्र मुकं होईल. न कळवलं, तर काहीच होणार नव्हतं. कुणी तिला विचारायला येणार नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

आठवडा तसाच गेला. मग वरघाटहून दोघी बायका आल्या. झऱ्याचं पाणी खालच्या अंगाला सरकलं होतं आणि नवी पाइपलाइन जुन्याच जागी टाकायचं घाटत होतं. ऋजुतानं त्यांचं म्हणणं ठरावात बसवून छायेपुढे मांडलं. छायेनं जुन्या पाहणीचा हवाला देऊन व्यवस्थित, मुद्देसूद उत्तर दिलं: या वादात हा सदस्य तटस्थ राहील. दोघी हात जोडून ऐकत होत्या. उठताना थोरली म्हणाली, "आवाज त्यांचाच हाय, बाई. बरं वाटलं. पण त्यांना वर नेऊन झरा कसा दाखवायचा?"

त्यांना एसटीत बसवून आल्यावर ऋजुतानं ती नऊ वर्षं बाजूला काढायला कक्षाला लेखी कळवून टाकलं.

दुरुस्ती होऊन आली त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखा ठराव मांडला: वांग्याची भाजी करावी. तिचं वाक्य पुरं होण्याआधीच उत्तर आलं. "भाजी नव्हे, भरीत. उपसूचना. आणि मिरची कुणाला विचारून कमी केली?" आवाज भरदार होता, घाईचा होता. तिच्या लहानपणचा होता. ती स्टुलावर बसली आणि भरीत होईपर्यंत त्यानं वांगी, गॅस आणि लसणीचा बाजार यांवर तिची यथेच्छ खरडपट्टी काढली. शेवटी धीर करून तिनं मतछाया बंद करण्याचा तो ठराव मांडला.

"मतदानाआधी सदस्याचं मत काढून घेणं हा हक्कभंग आहे," आप्पांची छाया म्हणाली. "पुन्हा विचारलंत तर समितीपुढे खेचीन."

सदस्य असताना आप्पा खरंच कधी आधी सांगत नसत. आईलासुद्धा नाही.

मतदानाच्या दिवशी ती प्रेक्षक सज्जात बसली होती. खाली वरघाटच्या जागेवर खुर्चीऐवजी छायेचा लहानसा खांब होता आणि त्यावर पांढरा दिवा. शौकतचाचा बोलायला उभे राहिले. त्यांनी कुठल्याच छायेवर टीका केली नाही. आकडे दिले नाहीत. ते त्या खांबाकडे वळून बोलले.

"सभापती महोदय, इंगवल्यांना मी वीस वर्षं पटवत आलो. दहातल्या नऊ वेळा ते पटले नाहीत. पण दहाव्या वेळी जेवताना मान खाली घालून म्हणायचे, शौकत, तुझं बरोबर आहे. आपण ही एवढी मोठी इमारत बांधली ती त्या दहाव्या वेळेसाठी. मत मोजायचंच असेल तर घरूनही मोजता येतं. इथं माणूस बोलावतो तो त्याचं मत बदलू शकतं म्हणून. समोरच्या छायेत माझ्या मित्राच्या नऊ वेळा आहेत. दहावी नाही."

ऋजुताच्या शेजारच्या अनोळखी बाईनं डोळे टिपले. ऋजुताला वाटलं, आप्पा असते तर या भाषणानंतर बाकावर चुळबुळले असते, आणि गुरुवार यायच्या आत चाचांना फोन केला असता.

घंटा वाजली, दारं बंद झाली. फलकावर मतं उमटू लागली. बाजूनं तीस. विरोधात चौदा. वरघाटचा दिवा थोडा वेळ तसाच राहिला आणि मग लाल झाला. विरोधात पंधरा.

सभापतींनी निकाल वाचला. उपस्थित आणि मतदान करणारे पंचेचाळीस; बाजूनं तीस, म्हणजे बरोबर दोनतृतीयांश. परंतु एकूण सदस्यसंख्येचं बहुमत न मिळाल्यामुळे दुरुस्ती नामंजूर.

ऋजुताला आधी कळलं ते एवढंच, की आपल्याला हसू येतंय. आप्पा राहिले होते. तिनं लबाडी केली नव्हती, जे सांगायचं ते सांगितलं होतं, आणि तरी आप्पा घरी राहिले होते. तीन वर्षं. जिना उतरेपर्यंत तिनं संध्याकाळच्या भाजीचा विचारही केला होता.

खाली चाचा भेटले. हरलेल्या माणसासारखे दिसत नव्हते, थकलेले दिसत होते. "तुझ्या बापानं मेल्यावर पण मला पाडलं," ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, जरा वेळानं: "बोलत होतो ना, तेव्हा मला एकदा वाटलं, पटतंय त्याला."

घरी आल्यावर तिनं छायेला कारण विचारलं. तो तिचा हक्क होता.

कारण स्वच्छ होतं. छाया बंद झाल्या तर पोटनिवडणुकीपर्यंत पाणलोट मुका होतो. वरच्या गावांचं पाणी खालची गावं त्याच काळात ठरवून टाकतात. हे वरघाटनं पूर्वी भोगलं आहे. ऋजुतानं ते ओळखलं. मतछायेचा कायदा झाला तेव्हाचं आप्पांचंच भाषण होतं, शब्दसुद्धा तेच.

मग तिनं शौकतचाचांचा मुद्दा ठराव म्हणून मांडला. छायेनं तो मन लावून ऐकला. मुद्दा प्रामाणिक आहे, म्हणाली, आणि सदस्य मुलाण्यांचं हे आजवरचं सर्वांत चांगलं भाषण आहे. मत विरोधात. ऋजुतानं तो दुसऱ्या बाजूनं मांडला: वरघाटच्या बायका, सरकलेला झरा, जुनी पाहणी. छायेनं सहानुभूती दाखवली. मत विरोधात. तिनं इतिहासातले दाखले दिले, चिडून दिले, विनवून दिले, चाचांसारखं टेबलावर हात आपटून दिले. दर वेळी आप्पा तिला वाखाणत, तिच्या युक्तिवादातली नेमकी फट दाखवत, आणि होते तिथेच उभे राहत. खरे आप्पा तिसऱ्या फेरीत वैतागून "बघू" म्हणाले असते. त्या "बघू"मध्ये अर्धी लढाई जिंकलेली असे. छायेत "बघू" नव्हतं.

ती रडली नाही. शेगडीवर वाटीभर भात लावला, ताकाबरोबर खाल्ला, ताट घासलं. तीस जणांनी हो म्हणून जे झालं नाही, ते आप्पांपुरतं तिच्या एकटीच्या सहीनं होण्यासारखं होतं. संमती मागे घेण्याचं पान तिनं यंत्राच्या पडद्यावर उघडलं. सभेनं हा निर्णय आपल्या हातून काढून घ्यावा, असं तिला इतके दिवस वाटत होतं. आप्पांनी तो परत पाठवला होता.

तिनं स्टूल ओट्याजवळ ओढलं.

"ठराव असा," ती म्हणाली. "वारसानं मतछायेला दिलेली संमती मागे घ्यावी आणि वरघाटला पोटनिवडणूक व्हावी."

छाया नेहमीपेक्षा जास्त थांबली.

"हा विषय सभेच्या कक्षेत नाही. निर्णय वारसाचा आहे."

"म्हणजे तुम्ही तटस्थ?"

"नाही. तटस्थ राहायलासुद्धा मताचा अधिकार लागतो. तो मला इथे नाही." मग त्याच भरदार, घाईच्या आवाजात: "पण कामकाजाबद्दल हरकतीचा मुद्दा आहे."

"मांडा, आप्पा."

"गणपूर्ती आहे का?"

ऋजुतानं मान वर करून स्वयंपाकघरात पाहिलं. "आहे."

"उपस्थित किती?"

"एक."

"आणि मतदान करणारे?"

तिनं सहीच्या पानाकडे पाहिलं. "एक."

"मग कशासाठी थांबलाय, सन्माननीय सदस्य? घ्या मतदान."

तिनं ठराव पुन्हा एकदा पूर्ण वाचला, जसा वाचायला हवा तसा, आणि बाजूनं कोण म्हणून स्वतःच विचारून स्वतःच हो म्हटलं. सही केली. मतमोजणीला वेळ लागला नाही. स्टुलावरून उठायला लागला.